गोळीवरचा आळ

गाडी चालवायला शिकवणारे मास्तर पन्नाशीपर्यंत काटकुळे होते. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि वर्षभरात सीटबेल्ट त्यांच्या पोटावर ताणून बसायला लागला. "या गोळीनं भूक खवळते," असं ते शिकायला येणाऱ्यांनाही ऐकवत. शेवटी त्यांनी बायकोला न सांगता गोळी बंद केली. भूक काही हटली नाही.

गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट बायकोच्या हाती लागलं, तशी ती त्यांना तडक डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"भुकेत फरक पडतो असं काही जण म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण ते पक्कं ठरलेलं नाही. गोळी सुरू झाल्यावर खाण्यात काय बदललं?"

मास्तरांआधी बायकोच म्हणाली, "आधी लोण्याकडे बघायचे नाहीत. आता म्हणतात, गोळी आहे ना, ती बघून घेईल!"

मास्तर ओशाळून हसले. गोळी पुन्हा सुरू झाली आणि लोणी आठवड्यातून एकदाच मिळू लागलं. पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा उतरला. भूक मात्र तेवढीच राहिली. आता ते दोन शिकवण्यांच्या मध्ये काकडी खातात आणि शिकणाऱ्यांवर जरा जास्तच खेकसतात.