तांबडी राणी, काळे मुंगळे

सेलूतल्या एका जिनिंगात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, योगीराज फिटर होता. कापसाचा हंगाम सरला की मजूर आपापल्या गावी जात. योगीराज राखणीला मागं राही. बेचाळीस वर्षांचा गडी, लग्न जमलेलं नाही. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये बंद यंत्रं आणि तो.

अशाच रिकाम्या महिन्यांत त्याला मुंग्या पाळायचा नाद लागला. मोबाइलवर मुंग्या पाळणाऱ्यांचा एक ग्रुप होता. तिथं त्याला चेहऱ्यानं कुणी ओळखत नव्हतं. पण काही विचारलं की उत्तर यायचं.

श्रावणात वजनकाट्याच्या भिंतीवर त्याला एक राणी मुंगी सापडली. तांबडी, चकचकीत, पंख नुकतेच गळालेले. ग्रुपवर फोटो टाकला. कुणीतरी लिहिलं, ही परक्यांच्या जिवावर जगणारी जात दिसते. हिला स्वतःची पिल्लं वाढवता येत नाहीत. दुसऱ्या जातीच्या मुंग्यांनी राणी मानलं तरच जगेल.

योगीराजनं कडुनिंबाखालचं काळ्या मुंगळ्यांचं वारूळ उकरलं. चार कोष आणि नुकतेच जन्मलेले दोन फिकट मुंगळे मिळाले. थोरल्या मुंगळ्यांनी मनगटापर्यंत हात चावून काढला.

सकाळी दूध घालायला माऊली आला. त्यानं सुजलेला हात पाहिला.

"लगन करायचं सोडून मुंग्यांत कामून हात घालायलास रे?"

"हिला घर बघून द्यायलोय."

"सोताचं कर म्हणावं की तिला."

"येत न्हाई तिला. दुसऱ्याच्याच घरात जाती ती."

"आन् घरचे घेत्यात?"

"थोरले न्हाई घेत, मारत्यात. लेकरं घेत्यात. त्यायला आप-पर कळत न्हाई अजून."

माऊली हसत गेला. "लय अवघड हाय तुझं," तो फाटकातून ओरडला.

योगीराजनं काचेची नळी तयार केली. तळाशी पाणी, पाण्यावर कापसाचा बोळा. बोळा ओला राहतो, मुंग्या त्यातलं पाणी पितात, अशी रीत. बोळ्यासाठी त्यानं उरलेल्या गाठीतली रुई घेतली. लांब धाग्याची, पांढरीशुभ्र. कचरा न् कचरा वेचला. हीच रुई नेऊन गावातल्या बायका वाती वळत. वात तेल कशी ओढते ते त्यानं पाहिलं होतं. मग राणी, कोष आणि ते दोन पोरसवदा मुंगळे आत सोडले.

पहिले दोन तास काहीच झालं नाही. मग एक मुंगळा राणीजवळ गेला. मिशा लावल्या. आणि तिला चाटू लागला. योगीराजची भाकरी ताटात वाळून गेली.

दहा दिवसांत चारही कोष फुटले. योगीराज रोज पातळ मधाचा एक थेंब ठेवी. मुंगळे तो पिऊन तोंडानं राणीला भरवत. तिनं तीन अंडी घातली.

पोळ्याला गंगाखेडजवळच्या गावाहून भावाचा, शिवप्रसादचा फोन आला. जावं लागलं. नळीत महिनाभराचं पाणी होतं. पाण्याच्या पातळीवर पेनानं खूण करून तो गेला.

चौथ्या दिवशी वहिनी म्हणाली, "भावजी, ऱ्हावा की आणखी दोन दिस. तिथं कोण वाट बघायलंय तुमची?"

"हाय एक जण."

शिवप्रसादनं घास हातातच धरला. "कोण हाय?"

सगळं घर त्याच्याकडं बघू लागलं.

"मुंगी हाय," योगीराज म्हणाला.

कुणी हसलं नाही. वहिनीनं न विचारता त्याला भात वाढला.

परतल्यावर त्यानं आधी खूण पाहिली. पाणी तिथंच होतं, तसूभरही उतरलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. मग राणी दिसली. कुशीवर पडलेली. दोन मुंगळे मेलेले. त्यानं बोळ्याला सुई लावली. बोळा कोरडा ठणठणीत होता.

त्यानं मधाचा थेंब ठेवला. चौघं धावले, प्यायले, राणीकडं गेले. तिची एक मिशी हलली. दुपारपर्यंत तीही थांबली.

ग्रुपवर उत्तर आलं: दादा, कच्च्या रुईत तेलकटपणा असतो, ती पाणी धरत नाही. मेडिकलचा कापूस लावायचा. पंधरा वर्षं रुईत काढलेल्या माणसानं ते तीनदा वाचलं. इतके दिवस सगळे त्याच्या मधाच्या थेंबातल्या ओलीवर जगले होते.

संध्याकाळी त्यानं एक मुंगळा कडुनिंबाखाली त्याच्या वारुळापाशी सोडला. त्याच्याच भावंडांनी त्याचे पाय धरले आणि ताणू लागले. अंगाला परक्या राणीचा वास होता. योगीराजनं काडीनं त्याला सोडवून परत नळीत घेतलं. एक पाय तिथंच राहिला.

सकाळी माऊलीनं नळी उजेडात धरली. चौघं मेलेल्या राणीला चाटत होते. एक जण पाय तुटलेल्या बाजूवर कलंडत होता.

"मेलीय की रे ही. काढून टाक."

"ऱ्हाऊ दे."

"आन् ह्यायचं काय?"

"हैत तवर बघायचं," योगीराज म्हणाला आणि दुधासाठी पातेलं पुढं केलं.