काळ्या ओढणीचा नियम

छातीवर बिल्ला लावलेला माझा निवडणुकीतला फोटो तुम्ही दोघांनी मित्रमैत्रिणींना दाखवलात. आजी या वयातही काम करते, याचं तुम्हाला कौतुक वाटलं. त्या दिवशी मी काय काम केलं, ते मात्र मी कळवलं नव्हतं.

बेसाजवळच्या मैदानात पक्षाची दुपारची सभा होती आणि स्वयंसेविका म्हणून महिलांचं प्रवेशद्वार माझ्याकडे होतं. मोठ्या सभेत काळं कापड आत जाऊ देत नाहीत. कोणी ते निषेध म्हणून फडकावील, अशी भीती असते. रुमाल, ओढण्या सगळं दारात काढून घ्यायचं. मी प्रत्येक ओढणीला नंबराची चिठ्ठी टाचत होते आणि त्याच नंबराची दुसरी चिठ्ठी जिची तिला देत होते. शेजारची पोलीस बाई म्हणाली, "मॅडम, इतकं कोणी करत नाही."

उमरेडहून बचत गटाच्या बायकांची बस आली. त्या हसतखेळत रांगेत लागल्या. एकीनं विचारलं, "बाई, केसबी काळेच हायेत, काढून ठेवू का?" रांग हसली. मी हसले नाही.

मग एक विशीतली पोरगी आली. सलवार-कुर्ता, आखूड वेणी, आणि त्या उन्हात गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली काळी ओढणी. मी हात पुढे केला. ती जागची हलली नाही. तिची आई माझ्या कानाशी वाकली.

"तेवढी राहू द्या नं बाई. मानेवर कोड हाये तिच्या, पांढरे डाग. मांगं हिरव्या लुगड्यातली आमच्या गटाची अध्यक्ष हाये, तेच तिची होणारी सासू. पुढल्या हप्त्यात साखरपुडा हाये. तिले ठाऊक नाही."

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

माझ्या पायाशी पक्षाच्या दुपट्ट्यांचं खोकं उघडं होतं. आईनं तिकडे बोट केलं. "मग त्यातला एक द्या."

"ते पहिल्या दोन रांगांसाठी आहेत."

पोलीस बाई हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना, मॅडम. पोरगी आहे."

मला सगळं समजलं होतं. लग्नाआधी लपवावंच का, असंही मनात आलं, आणि त्या विचारानं मला बळ आलं. मी स्वतःच्या हातानं गाठ सोडली. पोरीनं लगेच दोन्ही तळवे मानेवर धरले. आई तिच्या पाठीला चिकटून आत गेली. मागून अध्यक्षबाई म्हणाली, "काय झालं वं?" आई म्हणाली, "मान आखडली तिची." ते खपलं.

नेते तासभर उशिरा आले. पोरगी तशीच बसून होती, कोपर वर, तळवे मानेवर. अध्यक्षबाई तिच्या मागच्याच रांगेत. ते मंचावर चढले तेव्हा आम्हा स्वयंसेविकांना इशारा झाला : टाळ्या. कॅमेरा बायकांकडे वळला. मी रांगेरांगेतून फिरत तिच्यापाशी पोचले.

"हात खाली घे. टाळ्या वाजव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेतल्या बाईंकडे पाहावं तसं. मग हात खाली घेतले आणि वाजवले. डाग कानामागून सुरू होऊन कुर्त्याच्या गळ्यात उतरले होते. अध्यक्षबाईच्या टाळ्या थांबल्या. ती शेजारणीच्या कानाला लागली, शेजारीण पुढे वाकून बघू लागली, आणि थोड्याच वेळात ती अख्खी रांग भाषण सोडून त्या मानेकडे बघत होती. आई मंचाकडे तोंड करून टाळ्या वाजवत राहिली. सगळ्यांच्या थांबल्या, तरी तिच्या चालू होत्या.

सभा सुटल्यावर बायका ओढण्या घ्यायला दाराशी आल्या. अध्यक्षबाईची ओढणी नव्हती, तरी ती माझ्यासाठी थांबली.

"बरं झालं, बाई. तुमच्यामुळं दिसलं. आमचं पोरगं फसत होतं."

मायलेकी चार पावलांवर उभ्या होत्या.

"असू द्या," मी म्हणाले, "माझं कामच होतं ते."

आईनं चिठ्ठी दिली, ओढणी घेतली आणि पोरीपुढे धरली. पोरीनं ती घेतली नाही. तशीच, उघड्या मानेनं, सगळ्या बायकांच्या पुढे होऊन ती बसमध्ये चढली.