सर्व्हिसिंगला दिलेली गाडी

आमची जुनी गाडी देऊन नवी घ्यायचं मुलानं सुचवलं, पण ठरवलं मी. लोक मला समजावतात की त्या वेळी दुसरं काही करता आलं नसतं. त्यांचं म्हणणं मला पटतं. पटून उपयोग होत नाही, एवढंच.

माझे मिस्टर गुरांचे डॉक्टर. नोकरीची सगळी वर्षं उमरगा आणि लोहारा तालुक्यांतल्या गावांत गेली आणि घर मुरुमला. मी मुरुमच्याच शाळेत शिक्षिका होते. मुलगा सातवीत असताना आम्ही ती गाडी घेतली. पांढरी, लहानशी. त्याआधी हे मोटरसायकलवर मागं औषधाची पेटी बांधून फिरायचे. पेटी डिकीत गेली आणि महिन्याभरात अख्ख्या गाडीला तिचा वास लागला. टिंक्चर, फिनेल आणि गुरांच्या अंगाचा वास. मुलगा नाक दाबून बसायचा. एकदा तर ह्यांनी मागच्या सीटवर गोणपाट टाकून दोन दिवसांचं वासरू आणलं. त्याची आई मेली होती आणि मालकाकडं दुसरी दुभती गाय नव्हती. मी बाटलीनं दूध पाजून ते आठ दिवस जगवलं आणि परत त्याच गाडीतून मालकाकडं पोचवलं. सीटवरचा डाग काही निघाला नाही.

मला गाडी चालवायला ह्यांनीच शिकवली, तीही माझ्या पन्नाशीत. बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या पटांगणात घेऊन जायचे. मी घाबरून क्लच एकदम सोडायचे, गाडी आचके देऊन बंद पडायची आणि कडेला पत्ते खेळणारी माणसं हसायची. हे शांत असायचे. "अगं, घाई कुणाला आहे? परत चालू कर."

निवृत्तीनंतर तीनेक वर्षांनी एका सकाळी हे पेट्रोल भरायला गेले आणि चालत घरी आले. मी विचारलं, "गाडी कुठंय?"

"कुठली गाडी?"

मला थट्टा वाटली. मी हसलेसुद्धा. मग पंपावरच्या माणसाचा फोन आला, डॉक्टर गाडी इथंच ठेवून गेले म्हणून.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हा विसरत जाण्याचा आजार आहे, आणि तो मागं फिरत नाही. गाडीची किल्ली मी ज्वारीच्या डब्यात लपवली. पुढच्या दोन वर्षांत आधी औषधांची नावं गेली, मग गावांची, मग माणसांची. एके दिवशी ताट वाढलं तर मला म्हणाले, "बाई, तुम्ही मुरुमच्याच का?" अगदी अदबीनं विचारलं. परक्या बाईशी हे कायम असंच बोलत. मी ताट ठेवलं आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

पण गाडीत बसलं की वेगळं व्हायचं. हे मला योगायोगानं कळलं. एकदा संध्याकाळी ह्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता, दाराशी येरझारा चालू होत्या, म्हणून मी शेजारच्या सीटवर बसवून गावाबाहेर चक्कर मारायला निघाले. चढाला लागलो तशी गाडी घरघरायला लागली आणि हे म्हणाले, "अगं, गिअर उतरव की. किती ओढायला लावतीस तिला!"

अगं म्हणाले. कितीतरी महिन्यांनी.

त्यानंतर आम्ही रोज पाच वाजता निघायचो. त्या वासात, त्या सीटवर ह्यांना मी कळायचे. सगळं आठवायचं असं नाही. मुलगा पुण्यात नोकरीला आहे हेही कधी कळायचं, कधी नाही. पण शेजारी बायको गाडी चालवतीय हे पक्कं ठाऊक असायचं. तूर कशी आलीय बघ म्हणायचे, रस्त्यातल्या म्हशीचा खूर दुखतोय म्हणायचे. अर्धा-पाऊण तास. घरी येऊन दार उघडलं, खाली उतरले, की परत "बाई".

त्या अर्ध्या तासावर मी जगत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही. का सांगितलं नाही, ते माझं मलाच कळत नाही. ते माझं होतं, एवढंच.

दर महिन्याला सोलापूरला दवाखान्यात जावं लागे. उन्हाळ्यात एकदा जळकोटच्या अलीकडं हायवेवर गाडी बंद पडली. बॉनेटमधून वाफ यायला लागली. तसं त्या वर्षात दोनदा झालं होतं. मी बॉनेट उघडून पाणी ओतत होते, तेवढ्यात हे पलीकडून दार उघडून चालायला लागले. मी मान वर केली तेव्हा हे रस्त्याच्या मधोमध होते. एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत ह्यांना घासून गेला. मी ओरडत पळाले, चप्पल तुटली, पण हे थांबेनात. शेवटी मोटरसायकलवरच्या एका माणसानं पुढं जाऊन ह्यांचा हात धरला आणि मागं बसवून आणलं. तो मला म्हणाला, "आई, अशी मोडकी गाडी घेऊन ह्यांना कशाला काढता वो बाहेर?"

मुलाला फोनवर सांगितलं. त्यानं आधी ह्यांना कुठं लागलं का ते विचारलं. मग म्हणाला, "आई, बास झालं. त्या गाडीपायी बाबा जातील आणि तूही जाशील. नवी घेऊ. आत बसूनच दारं कुलूपबंद होतात, गिअरची भानगड नाही. तुलाही सोपं."

मी हो म्हणाले. ट्रकचा तो वारा अजून माझ्या अंगावर होता.

सोलापूरच्या शोरूमला आम्ही तिघं गेलो, जुन्याच गाडीतून. मुलगा चालवत होता, मी मागं होते आणि हे पुढं. वाटेत हे त्याला म्हणाले, "चांगला हात बसलाय तुझा." तो माझ्याकडं आरशात बघून हसला. तेव्हासुद्धा मी बोलू शकले असते. गाडी थांबव, आपण परत जाऊ, असं म्हणू शकले असते.

गाडी ह्यांच्या नावावर होती. नाव बदलायच्या अर्जांवर ह्यांची सही लागणार होती. शोरूममधल्या मुलीनं कागद पुढं ठेवले आणि खुणेच्या जागा दाखवल्या. ह्यांनी चष्मा मागितला. मेलेल्या जनावराच्या दाखल्यावरसुद्धा हे जनावर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कधी सही करत नसत. कागद वर धरून हे ओळींवरून बोट फिरवायला लागले. अक्षरं लागत नव्हती, हे मला दिसत होतं.

"बाई, हे कशाचं आहे?"

मुलानं मान खाली घातली. मी म्हणाले, "गाडी सर्व्हिसिंगला द्यायचीय. त्याची पावती आहे."

"तुम्ही वाचलंत ना?"

"वाचलंय."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि तीन ठिकाणी सही केली. घोटीव, सरळ, खाली पदवीसकट. स्वतःचं नाव विचारलं तर अडखळायचे, पण हात सही विसरला नव्हता. तोवर एक माणूस जुनी गाडी इमारतीच्या मागं घेऊन गेला. तिच्याकडं नीट बघायचंही राहून गेलं.

नव्या गाडीला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. फोटोत हे कॅमेऱ्याकडं न बघता मागं बघताहेत.

मुरुमपर्यंत गाडीनं आवाज केला नाही. आत थंडगार, कोऱ्या प्लास्टिकचा वास. हे सीटच्या कडेला अवघडून बसले होते. नळदुर्गच्या पुढं आल्यावर मला म्हणाले, "बाई, तुमचे उपकार झाले. पण मला आता घरी सोडा. आमची मंडळी वाट बघत असेल."

मंडळी म्हणजे मी.

दुसऱ्या दिवसापासून हे पाच वाजता अंगणातल्या पत्र्याच्या शेडपाशी जाऊन उभे राहायला लागले. नवी गाडी समोर असायची. तिच्याकडं बघायचे आणि विचारायचे, "सर्व्हिसिंग झालं का?" मी म्हणायचे, उद्या होईल. नव्या गाडीतून मी चकरा मारून बघितल्या. जुना रस्ता, जुनी वेळ. ह्यांना ती अनोळखी बाईची गाडी वाटायची. एकदा चालत्या गाडीत दार उघडायची धडपड करून नखं रक्ताळून घेतली. दार उघडलं नाही. त्यासाठीच तर घेतली होती.

पंधरा दिवसांनी मी शोरूमला फोन लावला, गाडी परत पाहिजे म्हणून. मुलगी चांगली होती. शोधते म्हणाली. गाडी एका दलालाकडं गेली होती, त्यानं ती पुढं विकली होती. मी रोज फोन करायचे. मुलगा म्हणाला, "आई, काय करतीयस तू हे?" तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो फोनवर रडायला लागला. "आधी का सांगितलं नाहीस?" एवढंच विचारत राहिला.

पत्ता लागायला तीन महिने गेले. गाडी सास्तूरजवळच्या एका दूधवाल्यानं घेतली होती. मुलगा पुण्याहून आला आणि आम्ही ह्यांना घेऊन गेलो. दूधवाल्यानं ह्यांना बघितलं आणि येऊन पायाच पडला.

"डाक्टरसायेब, वळखलं न्हाय व्हय? आमची गाय अडली हुती, भर पावसात आलता तुमी. गाय बी वाचली, कालवड बी." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "गाडी तुमचीच हाय म्हणून म्या इचार न करता घेतली, काकू. घ्या किल्ली. फिरवून आणा. पायजे तर घिऊनच जावा."

कॅन ठेवायला त्यानं मागची सीट काढून टाकली होती. टिंक्चरचा वास गेला होता, आंबूस दुधाचा येत होता. ह्यांना पुढं बसवलं. मी गाडी चालू केली, गावाबाहेरच्या रस्त्याला लावली. मुद्दाम चढावर गिअर उतरवला नाही. इंजिन घरघरलं, सगळी गाडी थरथरली. मी वाट बघत राहिले. हे खिडकीतून बाहेर बघत होते. गाडी आचका देऊन बंद पडली.

मी परत चालू केली. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "बाई, ह्या वयात गाडी चालवता, कौतुक आहे. कुणी शिकवली?"

"आमच्या ह्यांनी."

"असं? बरे आहेत ना ते?"

मी बरे आहेत म्हणाले. पुढं रस्ता दिसेना, म्हणून गाडी कडेला घेतली. मुलगा मागून नव्या गाडीतून आला, त्यानं मला उतरवलं आणि ह्यांना हाताला धरून नेलं. दूधवाल्याची गाडी त्याच्या दारात लावली, किल्ली परत दिली. तो पुनःपुन्हा म्हणत होता, "न्या की काकू." मी नको म्हणाले. नेऊन काय करायचं होतं?

पाच वाजता शेडपाशी जाऊन उभं राहणं त्या आठवड्यातच थांबलं. सर्व्हिसिंगचंही विचारेनासे झाले. दिवाळीनंतर हे अंथरुणाला खिळले. आता बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, हे होणारच होतं, गाडी असती तरी. किती दिवस आधी आणि किती दिवस नंतर, हे त्यांना विचारलं तर ते हात पसरतात.

महिन्याची औषधं आणायला मी एकटीच सोलापूरला जाते. नवी गाडी एकदाही बंद पडली नाही. परवा दवाखान्याच्या आवारात एका बाईंनी विचारलं, गाडी कशी आहे, आम्हालाही घ्यायचीय. मी सांगितलं, चांगली आहे. मग औषधांची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. ती घसरू नये म्हणून तिला पट्टा लावला आणि निघाले.