सुनंदाच्या अर्जामागचे कागद

विषय : इयत्ता नववीतील कु. सुनंदा हिचे लग्न थांबवून तिला शाळेत राहू देण्याबाबत.
संदर्भ : तिचा स्वहस्ताक्षरातील अर्ज.

अर्ज वर पाठवायचा तर मागचे कागद आधी जोडावे लागतात. नागपुरातल्या एका मिशनच्या शाळेत मी बावीस वर्षं कारकुनी केली. फायली वाळवीने खाल्ल्या, किस्से मात्र साचत गेले. वाळवीलाही काही आवडनिवड असते!

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पोरांनी स्वतःच्या मनाने लिहावं, हा आमच्या मराठीच्या मेश्राम सरांचा जुना आजार. त्यांनी नववीला 'माझी आई' हा निबंध दिला. बेचाळीस वह्या आल्या. बेचाळीसही आया पहाटे पाचला उठून ओव्या गात सडा घालत होत्या. ख्रिस्ती मुलांच्यासुद्धा!

सरांनी सुनंदाला उभं केलं. "तुझी आई पाचला उठते?"

"नाही सर, सातले उठते."

"मग असं काहून लिहिलं वं?"

"गाईडात पाचले उठते, सर!"

सरांनी गाईडं जप्त केली. पुढच्या आठवड्यात एक्केचाळीस वह्या कोऱ्या आल्या. एकट्या सुनंदाने चार ओळी लिहिल्या होत्या. सरांनी त्या स्टाफरूममध्ये तीनदा वाचून दाखवल्या. ऐकणारा मी एकटा, तोही चहाचा कप परत न्यायला आलेला.

*

आमचे फादर प्रिन्सिपल केरळचे. मराठी वाचता येत नसे. म्हणून नोटीस बोर्डावर लावायची पोरांची प्रत्येक कविता आधी मी इंग्रजीत करून टाइप करायची, तीन प्रतींत. खापा गावच्या एका मुलाने उन्हाळ्यात आटलेल्या कन्हान नदीवर कविता केली. फादरांचा शेरा आला, "नगरपालिकेला कळवा."

मी कळवलं. उत्तरही आलं, "सदर नदी आमच्या अखत्यारीत येत नाही."

कविता लागली नाही.

*

तपासणीचे साहेब आले. "मुलं मनाने लिहितात? मग आदर्श उत्तर कुठे आहे?"

सरांनी एक कोरा कागद पुढे केला. साहेबांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि वहीत नोंदवलं, "टापटीप समाधानकारक."

*

पालकसभेला सुनंदाचे वडील आले. उमरेडचे विणकर, माग बंद पडला म्हणून इथे येऊन हमाली करणारे.

"पोरगी घरी लय प्रश्न विचारून राहिली सर. काय शिकवता गा तिले?"

"लिहायला शिकवतो."

"सासरहून खुशाली कळवता येईन तिले. बस झालं!"

*

वार्षिक परीक्षेत मराठीच्या पेपरात अर्जलेखन असतं. सरांनी प्रश्न घातला, "मुख्याध्यापकांकडे तुम्हाला खरोखर हवं ते मागा." बहुतेकांनी तापाची रजा मागितली. सुनंदाने लिहिलं, "वैशाखात माझे लग्न आहे. मला दहावी व्हायचे आहे. आपण बाबांना समजवावे, ही विनंती."

सरांनी दहापैकी दहा दिले आणि पेपर घेऊन धावत ऑफिसात आले. "बाबू, हे उत्तर नाही, अर्ज आहे. आवक रजिस्टरला घ्या!"

मी घेतला. इंग्रजी केलं, तीन प्रती काढल्या. फादर बराच वेळ वाचत राहिले. "फार सुंदर लिहिलंय," म्हणाले. मग पेन उघडून त्यांनी शेरा मारला, "विद्यार्थ्याच्या अर्जावर पालकाची सही आवश्यक. सही घेऊन सादर करावे."

वैशाख गेला. अर्ज सहीसाठी प्रलंबित आहे.