मशीनवरचं कुंकू

त्या सकाळी मी धड चहासुद्धा घेतला नव्हता. भीती होती, पण आनंदच जास्त. दहिसरला चेकनाक्याजवळ आम्ही दोघी जावांनी साबणासाठी छोटा गाळा घेतला होता आणि लायसन्सच्या तपासणीला सरकारी मॅडम येणार होत्या.

त्याआधी आमचा कारखाना म्हणजे माझा स्वयंपाकाचा ओटा. खोबरेल, हळद, गवती चहाचं तेल. मुलुंडच्या प्रदर्शनात वड्या हातोहात जायच्या. मग एकदा प्रदर्शनवाल्यांनीच विचारलं, लायसन्स नंबर कुठाय? तो नसेल तर दिवाळीला स्टॉल नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, विकायचा साबण घरच्या ओट्यावर करता येत नाही. वेगळी जागा हवी, वेष्टनावर आत काय काय आहे ते हवं, आणि कामावर देखरेखीला केमिस्ट्री शिकलेलं माणूस हवं. माझं डोकंच फिरलं. आमच्या खोबरेल-हळदीला कसला आलाय सरकारी शिक्का? मी तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच.

धाकटी जाऊ शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, कॉस्टिक सोडा पण घालतो ना आपण, आणि त्या गवती चहाच्या तेलाने तुझ्या मैत्रिणीचे गाल लालभडक झाले ते विसरलीस? आणि वर हळूच म्हणाली, "ताई, केमिस्ट्री शिकलेलं माणूस घरातच आहे की."

अगं बाई, खरंच की! ही बीएस्सी आहे हे लग्न जमवताना सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. नंतर कुणी विचारलं की सासूबाईंचं ठरलेलं उत्तर, धाकटी ना, ती घरीच असते. आता तीच घरी असणारी बाई मला केसांवर टोपी घाल म्हणून दटावत होती, चिमूटभर हळदही वजन करून घेत होती. मला तिचा भारी राग यायचा आणि भारी अभिमानही वाटायचा. एकदा वड्या कापता कापता ती म्हणाली होती, या वेळी नाही झालं ना, तर परत कुणाला सांगणार नाही मी शिकलेय म्हणून. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

तर त्या दिवशी दाराला तोरण बांधलं, नारळ बाहेरच फोडला. सासूबाईंना बाकड्यावर बसवून आम्ही दोघी मॅडमना आणायला फाटकापर्यंत गेलो. तेवढ्यात आईंच्या लक्षात आलं, मशीनची पूजा राहिली. दसऱ्याला शिलाई मशीनलाही फूल वाहणारी बाई ती, गप्प कशी बसेल? आम्ही आलो तर ढवळायच्या मशीनला हळद-कुंकवाची बोटं, वर झेंडू, आणि घासून लख्ख केलेल्या पातेल्यात कुंकू सांडलेलं. वाट लागली, दुसरं काय!

मॅडमनी वाकून बघितलं आणि हे लाल काय, म्हणून विचारलं. मी काहीतरी थाप मारणारच होते, पण जाऊ पुढे झाली.

"कुंकू आहे, मॅडम. आमच्या आईंनी पूजा केली. यात कुठला रंग आहे ते मला माहीत नाही, म्हणून हे सगळं धुऊन कोरडं झाल्याशिवाय इथे काम सुरू होणार नाही."

आणि तिने बाह्या सरसावल्या. मशीनची पाती सोडवून एकेक भाग धुतला. मॅडम विचारत होत्या, ही धुता धुता फटाफट उत्तरं देत होती. आई दारात अंग चोरून उभ्या होत्या. पूजा यापुढे उंबऱ्याबाहेर, एवढं बजावून मॅडम गेल्या. होणार की नाही, काही बोलल्या नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी गाळ्यातच माझा मोबाइल वाजला. लायसन्स! मी अशी किंचाळले की शेजारच्या गाळ्यातले पत्र्याच्या पेट्या बनवणारे पेटीवाले धावत आले. त्यात देखरेख करणारी व्यक्ती म्हणून जावेचं नाव, शिक्षणासकट. तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि टोपीतच रडायला लागली. मीही रडले, यार, लपवू कशाला?

संध्याकाळी आई आल्या, हातात कुंकवाचा करंडा. या वेळी उंबऱ्याशीच थांबल्या. पेटीवाल्यांनी आत जावेकडे बघून विचारलं, ही कोण तुमची? आई म्हणाल्या, "आमच्या केमिस्ट बाई." मग आत बघून म्हणाल्या, "मशीनला नको ना, मग हिला लावते. ये गं."

जाऊ लगेच निघाली नाही. आधी पातेल्यावर झाकण ठेवलं, टोपी काढली, आणि मग बाहेर येऊन आईंपुढे कपाळ केलं.