सोबतीला येणाऱ्या जनाक्का

माझ्या आईला कॅन्सर आहे हे मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कळलं.
तेही चुकून.

मी एमआर आहे. मलकापुरात राहतो. औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभं राहणं हेच माझं काम.

चार वर्षांपूर्वी असाच मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. समोरच्या बाकावर आई बसलेली. लग्नाकार्याला नेसायची ती जांभळी साडी. मांडीवर केसपेपरची पिशवी.

आणि शेजारी जनाक्का.

त्या जनाक्का मंगळवारी गेल्या.

आमची वाडी आटपाडी तालुक्यात. जनाक्का आमच्याच आळीतल्या. चौथी शिकलेल्या. "पाट्या वाचता येत्यात, तेवढं बास," म्हणायच्या.

त्यांची एक शेजारीण पूर्वी एकटीच दवाखान्यात गेली होती. तिला वाचता येत नव्हतं. कुठल्या खोलीत जायचं कळेना, विचारायची लाज वाटली. दिवसभर पायरीवर बसून ती संध्याकाळच्या एसटीनं परत आली. घरी सांगितलं, "दावलं. काय न्हाई म्हनलं."

काही महिन्यांनी ती वारली. खरं काय झालं ते शेवटी तिनं फक्त जनाक्कांना सांगितलं.

त्यानंतर जनाक्कांनी सहा बायका गोळा केल्या. ठरलं एवढंच, की वाडीतली कुठलीही बाई दवाखान्यात एकटी जाणार नाही. त्यांच्यातली एक सोबत जाईल. पाळी लावून, स्वतःची भाकरी बांधून.

मंडळाला धड नावही नव्हतं. 'सोबतीच्या बायका' एवढंच.

सुरुवातीला पारावर हसायचे लोक. बायकांची ट्रिप निघाली म्हणायचे. मीही हसलोय.

तर, तो कॉरिडॉर.

"आई, तू इथं काय करतीस?"

आईनं जनाक्कांकडं बघितलं.

जनाक्का म्हणाल्या, "सांग आता तूच. मी न्हाई सांगनार."

आई खाली बघून म्हणाली, "गाठ हाय रं. छातीत. तपासलं. त्योच आजार हाय म्हनत्यात."

आणि मी, टाय घातलेला शहाणा माणूस, भर कॉरिडॉरमध्ये जनाक्कांवर ओरडलो.

"कधीपासून माहितीये तुम्हाला? मी रोज डॉक्टरांत असतो! मला एक फोन करता आला नाही? तुम्ही कोण लागता आमच्या?"

सगळे वळून बघायला लागले.

जनाक्का शांत. "बस आदी खाली."

मी बसलो.

"तुज्या आईनं सांगू नगं म्हनलं व्हतं. दुखनं तिचं हाय. कुनाला सांगायचं ते तिनं ठरवायचं. मी तुला फोन केला असता, तर तिनं मला बी सांगायचं बंद केलं असतं. मग ती हितं आली असती का?"



तेवढ्यात आईचं नाव पुकारलं. मी उठलो. आई म्हणाली, "तू थांब. आक्का येत्यात."

लागलं मनाला. लय लागलं.

ज्या दारांतून मी हसत हसत आत जायचो, त्यातल्या एका दाराबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसलो. बाहेर बसणाऱ्या पेशंटच्या माणसांना काय वाटतं ते त्या दिवशी कळलं.

परत येताना आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तू घाबरला असतास. मग तुलाच धीर देत बसायला लागलं असतं. आक्काला धीर द्यावा लागत न्हाई."

ऑपरेशन झालं. केमो झाली. प्रत्येक फेरीला जनाक्का नाहीतर त्यांच्यातली कुणीतरी होतीच. मीही असायचो. "तू डाक्टरसंगं इंग्लिशमधी बोल, मी हिच्याजवळ बसते," अशी जनाक्कांनी कामाची वाटणी करून टाकली होती.

केस गेले तेव्हा आई आरशात बघेना. जनाक्का रोज दुपारी यायच्या आणि आईच्या डोक्याला खोबरेल लावून द्यायच्या. आई चिडायची.

"टकलाला त्याल कशाला आक्का?"

"उगवल्यावर कळंल."

तेवढ्या दिवसांत आईला हसताना मी फक्त त्या दुपारच्या वेळीच बघितलं.

आई बरी झाली. तपासणीला अजून जावं लागतं, पण बरी आहे. आता तीही सोबतीच्या बायकांत आहे.

एकदा मी धीर करून म्हणालो, "आक्का, त्या दिवशी मिरजेत मी तुम्हाला नको ते बोललो..."

"कवा?" म्हणाल्या.

खरंच विसरल्या होत्या की मला मोकळं केलं, माहीत नाही.

त्या स्वतःसाठी मात्र कुठल्याच दवाखान्यात गेल्या नाहीत. अंगणात शेंगा फोडता फोडता भिंतीला टेकल्या, तेवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांना सोबत केली, आणि त्यांना सोबत करायची संधी कुणाला मिळाली नाही, हे आम्हा सगळ्यांनाच जड जातंय.

आज वाडीत शोकसभा झाली. तालुक्यावरून माणसं आली होती. सोबतीच्या बायका पुढं बसलेल्या.

आई नव्हती.

दोघातिघांनी विचारलं. मला कसंतरीच झालं. बाजूला जाऊन फोन लावला.

"आई, कुठंयस? निदान आज तरी थांबायचं होतंस."

"मिरजंत हाय. वरच्या वस्तीवरची सून न्हाई का, तिचा रिपोर्ट हाय आज. ती एकली कशी ऐकंल?"



फोनमध्ये तिच्या मागं कुणीतरी नाव पुकारलं.

"ठेवते," आई म्हणाली. "आमाला बोलावलंय."

जनाक्का, साऱ्या वाडीचा तुम्हाला अखेरचा नमस्कार. 🙏