पाय फिरत होते, मला कळत नव्हतं

राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझी पावलं बघितली आणि कागदावर एक पाऊल काढलं. उंच कमान, आत वळलेली बोटं. "घरात आणखी कुणाचे असे पाय?"

ते पाऊल माझ्या शांता आत्याचं होतं. तिला जाऊन वीस वर्षं झालेली. डॉक्टरांनी तिला कधी बघितलंही नव्हतं.

आजाराचं नाव सीएमटी. पिढीतून पिढीत येणारा, हातापायांच्या नसा हळूहळू क्षीण करणारा. कागलच्या एमआयडीसीत मी सुटे भाग तपासायची. एकदा शेजारची बाई ओरडली, "मॅडम, रक्त आलंय की!" बोट कापलेलं मला कळलंच नव्हतं. तिथून तपासण्या सुरू झाल्या.

पडायच्या भीतीनं नोकरी सोडली, मंगळवार पेठेतल्या घरात खुर्ची धरली. आत्यानंही चाळिशीत अंथरूण धरलं होतं. लोक म्हणायचे, तिला बाहेरचं काहीतरी लागलंय. एका दुपारी ती अंथरुणातच गेली.

दोन वर्षांत मला न्हाणीपर्यंत जाताना धाप लागू लागली. वाटलं, आता माझी पाळी.

टूडी इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर एक राखाडी मूठ उघडत-मिटत होती. माझ्या आत कुणी दुसरंच राहत असल्यासारखं वाटलं.

"हृदयाला आजार नाही," डॉक्टर म्हणाले. "बसून बसून दमसास गेलाय. नसा पूर्ववत करता येणार नाहीत. दमसास वाढवता येईल."

फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझी पावलं जागेवरच्या सायकलच्या पेडलला पट्ट्यांनी बांधली. पाय फिरू लागले. पावलांत मला काहीच जाणवत नव्हतं. समोरच्या आरशात आत्याचे पाय फिरत होते आणि वर चेहरा माझा. मी ओरडून थांबले.

बाईंनी सायकल आरशाकडे पाठ करून ठेवली. "उद्या या," एवढंच म्हणाल्या.

मी गेले. आधी पाच मिनिटं, मग वीस. बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा. तुम्हालाही हा आजार असेल तर आधी हृदय तपासून घ्या, आणि व्यायामानंतर पावलं डोळ्यांनी बघा. जखम झालेली कळत नाही.

चार महिने झाले. पाय आहेत तसेच आहेत, पण आता दोन जिने न थांबता चढते.

मागच्या आठवड्यात दादा, म्हणजे माझे वडील, सोबत आले. त्यांचीही पावलं तशीच, पण सत्तरीपर्यंत तपासणीला तयार झाले नव्हते. माझ्या फिरणाऱ्या पायांकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"आमच्या शांतीला कुणी असं उठवलंच न्हाय गं," ते म्हणाले. "सगळ्यांनी पडून ऱ्हा म्हणून सांगितलं. मी बी."

मग बाईंकडे वळले. "माझं बी हृदय कुठं बघत्यात, सांगा की."